तेवीस पाठ

"वैनी, हे पुन्हा पहिल्यावर गेलं!"

मी ओट्यावरून ओरडलो. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"काय झालं भाऊजी?"

"काय व्हायचंय? सतराव्या पाठात होतो. सेल हलला, बंद पडलं, आन् आता पुन्हा 'पाठ पहिला'. ह्या पहिल्या पाठाशी काय माझं लगीन लावलंय का?"

"पुढं न्यायचं बटण दाबा की सोळा वेळा."

"दाबतोय. मधीच दोन दोन उड्या मारतंय. कुठं आलो ते ऐकल्याबिगर कळतंय व्हय?"

"मग ऐका. पहिला पाठ पक्का हुईल," वहिनी म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

पहिला पाठ मला इतका पक्का झाला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी स्वल्पविरामासकट म्हटला असता. बाकीच्या पाठांची मात्र बोंब होती. ही सगळी त्या यंत्राची कृपा. अंगठ्याएवढं ते गाणी ऐकायचं यंत्र माझ्या थोरल्या भावाने, अधिकदादाने, विट्याच्या आठवडी बाजारातून साडेचारशेला आणलं होतं. त्यात रिमोटचा एक बारका सेल बसायचा, तोही कागदाची घडी खुपसल्याशिवाय नीट टेकायचा नाही. कानातल्या वायरीचा उजवा बोंडूक फक्त वायर वाकडी धरली की वाजायचा. बंद पडलं की आपण कुठे होतो हे ते साफ विसरायचं. डोळसांचं बरं असतं. इवल्याशा पडद्यावर आकडा बघायचा आणि पुढे जायचं. मला पडदा असून नसून सारखाच.

माझी नजर सातवीत असताना गेली. आधी फळ्याच्या कडा गेल्या, मग फळा गेला, आणि वर्षभरात सगळंच. पुढची अकरा वर्षं मी घरात होतो. शेरडं सोडायची, कडबा तोडायचा, रेडिओ ऐकायचा. दादाने ते यंत्र आणलं तेव्हा त्यात नुसती गाणी होती. दुकानदाराने भरून दिलेली, निम्मी अर्ध्यावर तुटणारी. तरी मी खूश होतो, कारण घरात माझ्या एकट्याच्या मालकीची तेवढीच एक वस्तू होती.

मग जूनमध्ये अंधांच्या एका संस्थेचे एक गृहस्थ गावात आले. त्यांनी मला बसवून सांगितलं, "शहाजी, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स आहे. पुढं सरकारी नोकरीची संधी आहे. पण दहावी पास हवी आणि वय पंचवीसच्या आत. तुझ्या हातात हे एकच वर्ष आहे."

मी त्या रात्री जेवलोच नाही. भीतीने नाही, आनंदानेही नाही. अकरा वर्षं कुणी माझ्या वयाचा हिशोब विचारला नव्हता, आणि आता विचारला तर म्हणे एकच वर्ष राहिलंय.

बाहेरून परीक्षेला बसायचं म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. तो दादाने भरला. ब्रेल मला येत नव्हतं. पुस्तकं वाचून कोण दाखवणार, असं मी म्हणायच्या आत वैजूवहिनी म्हणाली, "मी वाचते की. त्या तुमच्या डबीत आवाज भरता येतो न्हवं?"

आवाज भरता येतो हे तिनेच शोधून काढलं. एक बटण दाबून धरलं की रेकॉर्डिंग सुरू. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, नववी पास. दहावीची पुस्तकं हातात पडायच्या आधी तिची शाळा सुटली होती. रोज भांडीकुंडी आवरली की ती माजघरात बसायची, एक पाठ वाचायची, प्रश्नांची उत्तरं वाचायची आणि यंत्र मला आणून द्यायची. जागा व्हावी म्हणून गाणी एकेक करून पुसावी लागली. पुसण्याचं काम वहिनी करायची आणि मी शेजारी बसून बटणांचे टकटक मोजायचो. मधलं बटण दाबून धर, तीनदा खाली, पुन्हा मधलं. मोजायची मला सवयच होती. घरातली पायरी, विहिरीपर्यंतची पावलं, सगळं मोजूनच चालायचं.

पेपर लिहायलाही वहिनीच येणार होती. आंधळ्याला लेखनिक मिळतो, पण नियम असा की लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या इयत्तेचा पाहिजे. वहिनी नववी पास, म्हणजे नियमात अगदी चपखल बसत होती. दादा चेष्टेने म्हणायचा, "बायको कमी शिकल्याचा फायदा झाला बघ." वहिनी त्यावर हसायची. मीही हसायचो.

ऑगस्टच्या वीस-बावीस तारखेची गोष्ट. तेविसावा पाठ भरून वहिनीने यंत्र माझ्या हातात दिलं आणि ती रानात गेली. मी शेरडांजवळ बसून ऐकायला लागलो. बावीस वेळा बटण दाबून तेविसाव्यावर पोचेपर्यंत मी त्या यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. पाठ भूगोलाचा होता. तो संपला, प्रश्नोत्तरं संपली. पण आवाज संपला नाही. रेकॉर्डिंग बंद करायला ते बटण जोरात दाबावं लागायचं, आणि वहिनीने बहुधा हळू दाबलं असावं.

आधी पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग दाराची कडी वाजली आणि दादा बोलला, "झालं का वाचून?"

"झालं. चहा ठेवू?"

"ठेव. इंदूताई भेटल्या रस्त्यात. म्हणत हुत्या, वैजयंतानं फॉर्म भरला का न्हाई."

इंदूताई म्हणजे आमच्या गावच्या अंगणवाडीच्या सेविका.

"त्या जूनला रिटायर व्हायच्यात," दादा म्हणाला. "जागा गावातल्याच बाईला मिळती. तुझ्या नावाला त्यांची हरकत न्हाई. दुसरं कोण मागणारंबी न्हाई. फकस्त धावीचा कागद पायजे."

"मला ठावं हाय."

"मग भर की. एकतीस तारखेपातूर हाय मुदत. एवीतेवी त्याच्यासंगं तुझाबी अभ्यास झालाच हाय."

"आवो, पण मी बसले तर त्याच दिवशी, त्याच टायमाला माझा पेपर. भाऊजींचा कोण लिहिल?"

"नववीतलं एखांदं पोरगं बघू. मी इचारतो शहाजीला."

"नगा!" वहिनी एवढ्या जोरात म्हणाली की माझ्या कानातला बोंडूक खरखरला. "तुमी इचारू नगा. न्हाई म्हणायचे न्हाईत ते. पर मनातनं खचतील. अकरा वर्सांनी उठून उभं ऱ्हायल्यात."

"आन् तू?"

"त्यांनी आपणहून म्हटलं, की वैनी तुमीबी बसा, तर गोष्ट येगळी. न्हाईतर न्हाई."

मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि दादाच्या हाताला यंत्र लागलं असावं, कारण "ह्यो दिवा का लुकलुकतोय?" एवढं म्हणून रेकॉर्डिंग तुटलं.

मी ते पुन्हा ऐकलं. पुन्हा म्हणजे पहिल्या पाठापासून बटणं दाबत येऊन ऐकलं. चारदा.

मला फार लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती जास्त होती, हे खरं सांगून टाकतो. गावात नववीत दहा-बारा पोरं होती. त्यातलं एखादं मिळालंही असतं. पण पोराचं काय, ऐन वेळी तापलं तर? अक्षर कोंबडीच्या पायाचं असलं तर? मी बोलतोय ते धड लिहितोय का नाही हे मला कसं कळणार? वहिनीला माझं बोलणं कळायचं. मी अडखळलो तर ती थांबायची, मी घाई केली तर तिचा हात घाई करायचा. आणि मला हे एकच वर्ष होतं. तिलाही एकच वर्ष आहे, हे माझ्या डोक्यात येत होतं आणि मी ते ढकलत होतो.

आपणहून म्हटलं तर. म्हणजे ती मागणार नव्हती, दादा विचारणार नव्हता. दोन वाक्यं मी बोलायची होती. मी ती मनात जुळवलीसुद्धा. संध्याकाळी वहिनी रानातून आली, पाय धुतले, म्हणाली, "ऐकला का भूगोल?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सेल संपला हुता. उद्या ऐकतो."

खोटं बोलल्यावर मग पुरावा नको झाला. वहिनीने चुकून तो पाठ तपासून पाहिला असता तर तिला कळलं असतं की आपलं बोलणं भरलं गेलंय, आणि भाऊजींनी ते ऐकलंय. मला ते नको होतं. मला ते ऐकलेलंच नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी यंत्र घेऊन माजघरात बसलो. टकटक मोजली होतीच. तेविसाव्यावर गेलो. मधलं बटण दाबून धरलं, तीनदा खाली, पुन्हा मधलं. एक फाइल पुसायची की सगळ्या, असं ते तिथे विचारत असणार, हे मला नंतर समजलं. वहिनी पुसायची तेव्हा ते खालचं, म्हणजे पुढं न्यायचंच, बटण नवीन होतं. आता ते इतकं खिळखिळं झालं होतं की एका दाबण्याला कधी दोनदा सरकायचं. पाठांवरून उड्या मारतंय म्हणून मी त्याला रोज शिव्या देत होतो, आणि नेमकं त्या वेळी ते विसरलो.

मी 'पुढे' दाबलं. काही नाही. 'मागे' दाबलं. काही नाही. सेल काढला, तोंडाने फुंकला, घातला. कानात नुसती शांतता होती. तो मेला पहिला पाठसुद्धा लागेना.

वहिनी आली तेव्हा मी घामाने भिजलो होतो.

"बघा वैनी, ह्याला काय झालं."

तिने यंत्र घेतलं. बराच वेळ बटणं वाजत राहिली.

"एकबी फाइल न्हाई म्हणतंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला. "भाऊजी, तेवीस पाठ हुते."

"चायनाचा माल," मी म्हणालो. "भरवसाच न्हाई. म्या कालच म्हणलो न्हवतो?"

"तुमी काय दाबलं का?"

"म्या काय दाबणार? मला काय दिसतंय?"

हे वाक्य मी आयुष्यात कित्येकांच्या तोंडावर फेकलंय, आणि त्यानंतर समोरचा माणूस गप्प बसतो हे मला पक्कं माहीत होतं. वहिनीही गप्प बसली. मग तिने पदराने यंत्र पुसल्याचं मला जाणवलं.

"परत वाचू," ती म्हणाली. "त्याला काय हुतंय."

त्याच दुपारी तिने पहिल्यापासून सुरुवात केली. दिवसाला दोन, कधी तीन पाठ. रानातली तणाची भांगलण चालू होती, सासूबाई म्हणजे माझी आई गुडघ्याने आजारी होती, आणि त्यातच हे. चार दिवसांत वहिनीचा आवाज बसला. पाठ वाचता वाचता ती खोकायची, "थांबा हां भाऊजी," म्हणायची, पाणी प्यायची आणि पुढे वाचायची. ते खोकणं, ते पाणी पिणं, सगळं त्या यंत्रात भरलं जात होतं. मला ते ऐकावं लागायचं आणि माझा संताप व्हायचा. यंत्रावर, तिच्यावर, सगळ्यांवर. ही बाई एकदा तरी चिडत का नाही? एकदा तरी म्हणत का नाही, की भाऊजी, पुरे झालं तुमचं?

एकतीस तारखेला ती इतिहासाचा पाठ वाचत होती. त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. पाठ संपला. तिने बटण जोरात दाबलं, टक्क आवाज आला. बाहेर विट्याला जाणारी एसटी फाट्यावर थांबली होती, तिचा कंडक्टर बेल मारत होता. फॉर्म विट्याच्या शाळेत द्यायचा होता, तिथल्या मुख्याध्यापकांचं ऑफिस पाचला बंद व्हायचं. तेव्हा दोनसुद्धा वाजले नव्हते.

वहिनी उठली नाही.

"भाऊजी, काय म्हणायचं हुतं का?"

मी यंत्र तिच्या हातातून घेतलं.

"इंग्रजीचं कधी वाचणार?" मी म्हणालो.

"वाचू की," ती म्हणाली. "उद्यापास्नं." आणि ती भांडी घासायला गेली.

पुढचं सगळं पटकन सांगून टाकतो, कारण त्यात माझ्या मोठेपणाचं काही नाही. मला चौपन्न टक्के पडले. कोर्स झाला, नोकरी लागली, आज मी सांगलीत एका सरकारी कार्यालयात फोनवर बसतो. इंदूताई जूनमध्ये निवृत्त झाल्या. सेविकेची जागा खालच्या आळीच्या एका सुनेला मिळाली, तिच्याकडे दहावीचा कागद होता. मदतनीस म्हणून मात्र सातवी पासवर वहिनीला घेतलं. पोरांना आणायचं, खिचडी शिजवायची, झाडलोट करायची. पंधरा वर्षं झाली. त्या सेविकेचं अक्षर वाचता येण्यासारखं नाही, म्हणून अंगणवाडीची सगळी रजिस्टरं वहिनीच लिहिते. सही तेवढी दुसरीची असते. हे मला दादाने सांगितलं, हसत हसत. पगारातून मी तिला दिवाळीला साडी देतो. ती दर वेळी म्हणते, "कशाला भाऊजी, एवढी भारी?"

पण मला सांगायचंय ते मार्चमधल्या एका दिवसाचं. विट्यात परीक्षेचं केंद्र होतं, आणि त्या दिवशी शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. आम्हाला वेगळी खोली दिली होती. दर पेपरला पर्यवेक्षक एक कागद भरून घ्यायचे. लेखनिकाचं नाव, नातं, शिक्षण. दर पेपरला वहिनी सांगायची, "वैजयंता अधिकराव साळुंखे. भावजय. नववी पास." त्या दिवशीचे पर्यवेक्षक वयस्कर होते. तिने सही केल्यावर म्हणाले, "अक्षर काय सुंदर आहे बाई. तुम्ही का नाही बसलात परीक्षेला?"

"पेपर सुरू करायचा न्हवं सर?" वहिनी म्हणाली.

ती प्रश्न वाचायची, मी उत्तर सांगायचो, ती लिहायची. पाच गुणांचा एक प्रश्न आला, जमिनीची धूप थांबवण्याचे उपाय सांगा. मी शेतकऱ्याचा पोरगा, पण डोकं कोरं पडलं. तो पाठ मला नकोसा झालेला. तेविसावाच होता तो. दुसऱ्यांदा भरला तेव्हा मी तो धड ऐकलाच नव्हता, सुरू झाला की बटण दाबून पुढे जायचो.

"सोडा तो," मी म्हणालो. "पुढचा वाचा."

पेन हलला नाही. पर्यवेक्षक दाराशी कुणाशी तरी बोलत होते. खोलीत आम्ही दोघंच असल्यासारखे होतो. तिने हळूच एक शब्द जरी सांगितला असता तरी कुणाला कळलं नसतं. मी वाट बघितली, हे कबूल करतो.

"वैनी?"

"पुढचा वाचते," ती म्हणाली, आणि वाचला.

पेपर झाल्यावर आम्ही स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. बाकड्यावर आमच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, तिच्या पाटीत कोथिंबीर होती, वास येत होता. मी म्हणालो, "सुटलो बाबा एकदाचे." बराच वेळ गेला. मग वहिनी एकदम बोलायला लागली, यंत्रात वाचायची तसल्याच आवाजात, सावकाश, एकेक मुद्दा सुटा करून.

"जमिनीची धूप थांबवण्याचे उपाय. एक, उताराला आडवी नांगरट करावी. दोन, शेताला बांध घालावेत. तीन, पडीक माळावर झाडं लावावीत. चार, डोंगरउतारावर गुरं मोकाट चारू नयेत. पाच, एकाच जमिनीत तेच तेच पीक घेऊ नये." प्रत्येक मुद्द्याखाली दोन दोन ओळींचं स्पष्टीकरण, तेही तिने म्हटलं. पुस्तकं सगळी घरी होती. मग ती पुढच्या प्रश्नावर गेली. मग त्याच्या पुढच्या. जे मी अर्धवट सांगितलं होतं, चुकीचं सांगितलं होतं आणि तिने जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, ते सगळं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर म्हणत गेली. एकदाही अडखळली नाही. मला तिला थांबवता येईना आणि ऐकवेना.

म्हातारी कौतुकाने पुढे सरकली असावी, कारण कोथिंबिरीचा वास जवळ आला.

"लई हुशार हाईस गं बाई," ती म्हणाली. "कितवीला हाईस?"

"मी न्हवं आजी," वहिनी म्हणाली. "हे हायत धावीला."